स्पेस हल्क: पहिल्याच मोहिमेत माझे पाचही मरीन मरतात

कौलारू:
स्पेस हल्क या पटावरच्या खेळाची २००९ ची तिसरी आवृत्ती एका मित्राकडून घेतली. तेरा वर्षांच्या पुतण्याशी खेळतो. तो जीनस्टीलर (परग्रहावरचे राक्षस), मी टर्मिनेटर (चिलखती मरीन सैनिक). पहिली मोहीम आठदा खेळलो, आठही वेळा हरलो. काल फ्लेमरवाला (आग फेकणारा मरीन) जी खोली पेटवायची तिच्यापासून चार घरांवर होता. त्याच्या पुढच्याला ओव्हरवॉचवर (समोर शत्रू हलला की आपोआप गोळी) ठेवलेलं, दोन फाशांवर ५-५ अशी जोडी पडली आणि बंदूक अडकली. मग हाताघाई: त्याचे ३ फासे, माझा १. माझ्या खेळीच्या घड्याळातली वाळू संपत आली की कोणाचं तोंड कुठे आहे तेच मला आठवत नाही. त्याला घड्याळ नाही, शिवाय माझे ४ अ‍ॅक्शन पॉइंट तर त्याचे ६. मरीननी जिंकायचं तरी कसं?

रिकामा_डबा:
घड्याळ काढून टाका. पोरासोबत खेळताय, कशाला जिवाला घोर?

ट्रेंटकाठ:
घड्याळ अजिबात काढू नका! ती घाई गेली तर या खेळात उरतं काय?

कौलारू, तुम्ही मारायच्या मागे लागताय असं दिसतंय. दर फेरीला नवे ब्लिप (लपलेल्या जीनस्टीलरच्या खुणा) येतच राहतात, ते संपणार नाहीत. या मोहिमेत फ्लेमरनं खोली पेटवली की जिंकलात, मग मागे एकही उरला नाही तरी चालेल. म्हणून फ्लेमरवाला मधे ठेवा, आणि बाकीच्यांनी कुठे उभं राहून मरायचं ते आधी ठरवा.

ओव्हरवॉच लांब सरळ बोळाकडेच लावा. त्याच्या प्रत्येक हालचालीला तुमची एक गोळी, दोन फाशांत एक जरी ६ आला तरी तो मेला. नजरेसमोर पाच घरं चालावी लागली तर बंदूक अडकणं धरूनही तो साधारण तीनात दोनदा मरतो. दोनच घरं मिळाली तर निम्म्याहून कमी. वळणाला चिकटून उभे राहता ना? तिथेच घात होतो.

आणि कमांड पॉइंट (मरीनना मिळणारे जादा अ‍ॅक्शन पॉइंट) सगळे आपल्याच खेळीत उडवू नका. एक राखलात तर त्याच्या खेळीत अडकलेली बंदूक मोकळी करता येते. तुमचा ५-५ तेवढ्यावर निभावला असता.

मी इथे नॉटिंगहॅमला शेजारच्या आजोबांकडून हा खेळ शिकले. त्यांच्याकडे १९८९ ची पहिली आवृत्ती होती, दारांचे पुठ्ठे कडेला पार मऊ पडलेले. ते पिछाडीलाही एक ज्योत खर्च करायचे. पटाचा तो अख्खा तुकडा फेरी संपेपर्यंत पेटलेला, त्यातून कोणी येऊच शकत नाही.

कौलारू:
ताई, रविवारी खेळलो. एक पॉइंट राखला होता, ३-३ पडले तेव्हा कामी आला. तिघे गेले, सार्जंटही गेला, पण खोली पेटली! पुतण्या बराच वेळ पटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, आता मरीन मला द्या."