१०८ येईपर्यंतची मिनिटं

'१०८ची रुग्णवाहिका आहे ना, मग आशाताईंवर, म्हणजे वस्तीतल्या आशा सेविकांवर, प्रथमोपचाराचं आणखी ओझं कशाला?' असं काही जण विचारतात. कळव्यात पारसिकच्या उतारावरच्या वस्तीत येऊन बघा. गाडी खालच्या रस्त्यावर थांबते, पुढे सगळ्या पायऱ्या. हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात वर पोचणार कोण? शेजारच्या गल्लीतल्या ताईच ना!

आमच्याकडच्या आशाताईंच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाला मी होते. एका ताईंनी बांगड्या काढल्या, पदर खोचला आणि सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायला लागल्या. आधी कोपर वाकत होते, दाब उथळ पडत होता. हात ताठ ठेवून खांदे तळहातांच्या बरोबर वर आणले, तेव्हा पुतळ्यातून 'टक' आवाज यायला लागला. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. दोन मिनिटांत त्या घामाघूम! आलटून पालटून दाब द्यायला दुसरं माणूस लागतंच, हे तिथेच सगळ्यांना पटलं.

ओझ्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाचा मोबदला मिळालाच पाहिजे. आणि एकदा शिकवून सोडू नका, काही महिन्यांत हात विसरतो. पुढच्या वेळी नाक्यावरचे रिक्षावाले आणि मंडळाची पोरंही सोबत बसवा.