मुलाची नशा आणि “मी नसलो तर” हे बोलणे: आधी कशाकडे पाहावे?

प्रश्न (लालबाग)
माझा मुलगा अकरावीत आहे. दिवाळीनंतर त्याच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली आणि मित्रांबरोबर बिअर घेत असल्याचेही त्याने कबूल केले. आम्ही रागावलो आणि विषय तिथेच संपवला. गेल्या आठवड्यात मात्र ताटातला भात चिवडत तो म्हणाला, “मी नसलो तर तुमचा त्रास तरी संपेल.” त्याचे बाबा म्हणतात, हे नशेचे बोलणे आहे, नशा सुटली की थांबेल. आधी व्यसनाचे पाहावे की मनाचे? आणि थेट विचारले तर नको तो विचार आपणच त्याच्या डोक्यात घातल्यासारखे होईल का?

उत्तर १ (शालेय समुपदेशक, दादर)
ताई, थेट विचारा. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे बोलून दाखवायला वाट मिळते. “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” असे दोघेच असताना शांतपणे विचारा आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत उपदेश करू नका.

उपचार मात्र दोन्हींवर एकत्रच हवेत. काही मुले आधीची उदासी दडपायला नशेकडे वळतात, तर काहींची उदासी नशेनेच वाढते. दारूने मन खचते आणि स्वतःला आवरण्याची शक्तीही सैल पडते. त्यात आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे एरवी येऊन निघून गेला असता असा विचार नशेच्या घटकेत कृतीपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. म्हणूनच “नशेचे बोलणे” म्हणून ते सोडून देणे मला फार धोक्याचे वाटते. नशा बंद केल्यावरही काही दिवस झोप उडते, चिडचिड होते. तेव्हा त्याला एकटे ठेवू नका आणि घरातली औषधे कुलपात ठेवा. केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत.

उत्तर २ (भांडुप)
माझ्या मुलीच्या वेळी आम्ही डॉक्टरांना फक्त व्यसनाचे सांगितले आणि तिचे असेच एक वाक्य लाजेपोटी लपवले. त्यात चार महिने वाया गेले. तुम्ही ते वाक्य जसेच्या तसे सांगा. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येते.

प्रश्नकर्ती
काल रात्री गॅलरीत बसून विचारले. बराच वेळ तो गप्प होता, मग “हो” म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडला. त्याच्या बाबांनी आज रजा टाकली आहे. आम्ही तिघेही केईएमला निघालो आहोत.