मदत हवी आहे: हौशी लॅक्रॉसच्या वार्षिक पुरस्कारांचे निकष

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या ऑन्टारिओत मुलांच्या बॉक्स लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा, बंदिस्त रिंगणातला सांघिक खेळ) हंगाम ऑगस्टमध्ये संपतो, मग आमच्या विभागातल्या स्वयंसेवकांचे पुरस्कार ठरतात: प्रशिक्षक, पंच, संघ व्यवस्थापक आणि टेबलावरची मंडळी. अडचण या शेवटच्या गटाची. गुणपत्रक लिहिणारे, मुख्य घड्याळ आणि ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (चेंडू हाती आल्यावर गोलवर फटका मारायची मुदत मोजणारं घड्याळ) सांभाळणारे नसतील तर सामना अडतो, तरी त्यांची नावं कुणी सुचवतच नाही. खुलं मतदान घेतलं की मोठ्या क्लबचा माणूस जिंकतो. पंचांचे हाल तर विचारूच नका, पेनल्टीचा राग मतात उतरतो.

सध्याचा विचार: प्रत्येक नावाला दोन वेगळ्या क्लबांची शिफारस, पाच जणांची समिती, स्वतःच्या क्लबच्या नावाला गुण द्यायचे नाहीत. त्यामुळे बेरीज न धरता सरासरी धरायची, नाहीतर समितीत ज्याच्या क्लबचा माणूस आहे तो उमेदवार विनाकारण मागे पडतो.

सेवेच्या वर्षांना किती टक्के गुण ठेवावेत? ४० ठेवले तर दरवर्षी जुनीच मंडळी पुढे येतात. तेच नाव पुन्हा येण्याआधी किती वर्षांचं अंतर ठेवता? कबड्डी, खो-खोचे पुरस्कार चालवणाऱ्यांनीही जरूर सांगा. निकष जुलैअखेर क्लबांना कळवायचे आहेत.