मदत हवी आहे: नऊ घरांनी मिळून राहायचंय, पण सगळ्यांचा खिसा सारखा नाही

मंडळी नमस्कार, एरवी मी वाचनमात्र असते पण आता गाडं अडलंय म्हणून लिहितेय.

आम्ही नाशिकची नऊ कुटुंबं. दुखणीखुपणी, बारशी, दहावे सगळं एकमेकांचं करत आलोय, आणि आता पन्नाशी-साठीत वाटतंय की वेगवेगळ्या टोकांना भाड्याने राहण्यापेक्षा एकत्र बांधावं. प्रत्येकाचं छोटं घर, साडेतीनशे-चारशे स्क्वेअर फूट, वेगळा ओटा-संडास असलेलं, आणि सगळ्यांत मिळून एक मोठं स्वयंपाकघर, बसायला हॉल, पाहुण्यांची एक खोली. लिफ्ट नको, तळमजला अधिक एक बास. डेन्मार्कमधे असं कोहाउसिंग १९७२ पासून चालू आहे, त्यामुळे कल्पना काही जगावेगळी नाहीये.

अडचण पैशाची. आमच्यात तिघं पेन्शनवाले, ते वीसेक लाख काढू शकतात. दोन खाजगी शाळेतल्या शिक्षिका, एक रिक्षावाले दादा, एक टेलर, आणि एक मावशी चार घरी पोळ्या लाटते. मागच्या मीटिंगला प्रत्येकाने कागदावर आपापला आकडा लिहायचा असं ठरलं, तर मावशीने कागदाची चार घड्या घातल्या न् काही न लिहिता चहाच्या बशीखाली सरकवला. नंतर कुणी विषयच काढला नाही. आता पेन्शनवाल्यांतला एकजण म्हणतो ज्यांना जमतंय त्यांनी सुरू करू, बाकीचे मागून येतील. मागून कुणी येत नसतं हो, तोवर भाव कुठल्या कुठे जातो.

मी थोडं वाचलंय. इंग्लंडमधे लीड्सला लिलॅक म्हणून वीस घरांची वसाहत आहे, तिथे घरं संस्थेच्या मालकीची, कर्ज संस्थेच्या नावावर, आणि प्रत्येकजण आपल्या निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के भरतो. ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या नावावर संस्थेचे भाग (शेअर) जास्त जमतात, आणि सोडून जाताना मिळणारी रक्कम घरांच्या बाजारभावावर नाही, सरासरी पगार किती वाढले त्यावर ठरते. मला हे फार पटलं, म्हणजे कमावणाऱ्याचे पैसे बुडत नाहीत आणि मावशीला उपकारावर राहावं लागत नाही. असं काही आपल्याकडे सहकार कायद्यात बसतं का? आणि सुरुवातीला संस्थेलाच कर्ज कोण देतं? जागेचंही सांगा, मखमलाबादच्या पुढे शेतजमीन स्वस्त मिळतेय.

जुना_सेक्रेटरी
ताई, आधी जागेचं. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि घेतली तरी घरं बांधायला ती एनए, म्हणजे बिगरशेती, करून घ्यावी लागणारच. "एकाचा सातबारा आहे, त्याच्या नावावर घेऊ, मग बघू" हे अजिबात करू नका. उद्या तो माणूस गेला की वारस दारात. महाग पडला तरी एनए प्लॉटच बघा.

संस्थेचं म्हणाल तर आपल्याकडे भाडेकरू सहभागीदारी प्रकार आहेच की, जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट आणि राहायचा हक्क. मुंबईतल्या कितीतरी जुन्या सोसायट्या अशाच आहेत. घोडं पेंड खातं ते विक्रीपाशी. सभासद बाजारभावाने विकतो आणि महापालिका हद्दीत संस्थेला ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करतानाची रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो. म्हणजे पहिली पिढी स्वस्तात राहील, दुसरी येणार ती नाशिकच्या चालू रेटने. विकताना आधी संस्थेला विचारायचं, किंमत अमुक सूत्राने, असं पोटनियमात घालायचा प्रयत्न करा, पण निबंधकाकडे मंजुरीला टाकायच्या आधी सहकारातला वकील गाठा. नमुना पोटनियम डोळे झाकून उचलू नका.

कुंभारी_फाटा
सोलापूरला येऊन बघा. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं सहकारी संस्थेतूनच झालीत, २००६ ला ताबा मिळाला. थोडा वाटा बायकांचा, बाकी केंद्र न् राज्य. त्यानंतर रे नगर, तीस हजार घरांची योजना, २०२४ च्या जानेवारीत पहिली पंधरा हजार दिली. मोर्चे काढून काढून मिळालंय ते सगळं.

आलेपाक
एक स्वयंपाकघर नऊ घरांत? ताई, पहिल्या आठवड्यात मिसळणाच्या डब्यावरून दोन गट पडतील. 😀

धागाकर्ती
आलेपाक, मिसळणाचा डबा घरटी वेगळा ठेवू, झालं?

कुंभारी_फाटा, तिथे हजारो बायका रस्त्यावर आल्या म्हणून सरकारने ऐकलं, आम्ही नऊ घरं कुणाच्या खिजगणतीत नाही. पीएम आवास शहरी दोन पण बघितली. व्याजावरच्या सबसिडीला आधी बँकेने कर्ज तर द्यायला हवं, मावशीला पगाराची स्लिप कुठली? स्वतः बांधायला अडीच लाखाचं अनुदान आहे, त्याला जागा स्वतःच्या नावावर लागते, आमची असणार संस्थेच्या.

सेक्रेटरीकाका, मनापासून आभार. पेन्शनवाल्यांपैकी एका काकूंनी सुचवलंय की त्या दोन घरं घेतात आणि एक मावशीला कमी भाड्याने देतात. भावना चांगली आहे पण मला नको वाटतं, कारण मग मावशी भाडेकरू, मीटिंगला मत नाही, आणि काकूंची मुलं उद्या काय म्हणतील ते कुणी सांगावं. त्यापेक्षा काकूंचे जादाचे पैसे संस्थेकडे कर्जरोखा किंवा ठेव म्हणून ठेवून त्यावर बँकेएवढं व्याज दिलं, आणि मावशी पहिल्या दिवसापासून पूर्ण सभासद, तिचा हप्ता तेवढा लांबवला, तर? नव्या हाउसिंग सोसायटीला सभासदांकडून अशा ठेवी घ्यायची मर्यादा किती, आणि हॉल-स्वयंपाकघराचा खर्च घरटी सारखा न वाटता ऐपतीप्रमाणे वाटायचा ठराव ऑडिटमधे टिकतो का, एवढं दोनच सांगा. नाशिकमधे सहकाराचं काम करणारे वकील कुणाच्या माहितीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी परवडेल असे.