बंपर घरीच रंगवायचा तर (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी ४०३: पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर घासलाय. गाडी सिल्व्हर. स्प्रेचा डबा आणून घरीच करू का? रविवारी दोन तास मोकळे आहेत.

ए १०२: दोन तासांत फक्त घासून होईल, काका. रंग मारायला दहा मिनिटं, बाकी सगळी तयारी. ओरखड्यात नख अडकतं का बघा. नसेल अडकत तर रबिंग कंपाउंडनेच (घासून चकाकी आणायची पेस्ट) जाईल.

बी ४०३: अडकतंय. खालचं काळं प्लॅस्टिक दिसतंय.

ए १०२: मग आधी साबणाने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतरच घासायचा पेपर लावा. उलट केलंत तर वॅक्स आत रगडलं जातं आणि रंग गोल गोल फाटतो. ३२० नंबरच्या पेपरने कडा बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. खड्ड्यात बंपरची लवचिक पुट्टीच भरा, साधी पुट्टी बंपर दबला की तडकते. उघड्या प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक प्रायमरचा (रंगाआधीचं अस्तर) पातळ हात, त्यावर करड्या प्रायमरचे दोन. सुकलं की ६०० चा पेपर पाणी लावून.

सी २०१: पत्र्यालाही हेच का? माझ्या दाराला खालून गंज धरलाय.

ए १०२: नाही. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज काढून इपॉक्सी प्रायमर. आणि पुट्टी कोरडीच घासा, ती पाणी पिते.

डी ५०४: काका, नुसतं 'सिल्व्हर' सांगून डबा आणू नका. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कोड असतो, नाना पेठेतल्या रंगवाल्याला तो दाखवून विचारा. आधी पुठ्ठ्यावर रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारून, सुकवून, उन्हात गाडीशेजारी धरा. क्लिअरशिवाय शेड कळतच नाही.

ए १०२: बरोबर. आणि सिल्व्हर सगळ्यात छळतो. डब्यातली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं डबा हलवा. अंतर २०–२५ सेंमी. बटण बंपरच्या बाहेर दाबायचं, बाहेरच सोडायचं. पहिल्या हातात खालचं दिसलं तरी दिसू दे, एका दमात झाकायला गेलात की ओघळ. दोन हातांमध्ये १० मिनिटं. जवळून ओला मारला तर रंगातले चमकीचे दाणे बुडून काळपट पट्टे दिसतात, म्हणून शेवटचा हात जरा लांबून. यावर पेपर लावायचा नाही, थेट क्लिअर.

डी ५०४: क्लिअर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा घ्या. वन-के, म्हणजे बिनहार्डनरचा पेट्रोलने मऊ पडतो. पण टू-केत आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं, कापडी मास्क कुचकामी. ऑरगॅनिक व्हेपर (रसायनाची वाफ) अडवणारं कार्ट्रिज आणि कण अडवणारा फिल्टर, दोन्ही असलेला मास्क हवा. तळाची पिन दाबून हार्डनर मिसळला की डबा एक-दोन दिवसांत आत घट्ट होतो, पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही.

सेक्रेटरी: बेसमेंटमध्ये परवानगी नाही. वाफ पेट घेते, शिवाय उडालेला रंग शेजारच्या गाड्यांवर बसतो. बंपर काढून गच्चीवर न्या.

बी ४०३: पाऊस चालू आहे. गच्चीवरच्या शेडखाली चालेल?

ए १०२: सर्द हवेत नको. सॉल्व्हंट उडताना रंग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि क्लिअर दुधाळ होतो. दिवाळीच्या सुमारास करा, प्लॅस्टिक काही गंजत नाही. सी २०१, तुम्ही मात्र थांबू नका. उघडीप मिळाली की गंज काढून निदान इपॉक्सी मारून ठेवा, रंग मागाहून बघू.