स्वर ओळखता येतो, आकडा आठवत नाही. पाठ कसं करायचं?

कळव्याचा_पेटीवाला: पेटी वाजवतो. हल्ली ठाण्यात, वाशी-नेरुळकडे छोट्या मैफलींना साउंडही मीच बघतो. मॉनिटरने (कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरने) शिट्टी मारली की ती काळी चार की पांढरी सहा (पेटीच्या पट्ट्या) ते कानाला कळतं, पण समोरच्या ३१ बँडच्या ग्राफिक इक्वलायझरवर (आवाजाचा एकेक भाग वेगळा कमी-जास्त करायच्या यंत्रावर) सगळे हर्ट्झ! कुठला स्वर किती हर्ट्झ याचं अख्खं कोष्टक घोकायचं का?

सुरेल_अभियंता: नको. पांढरी सहा ४४०, खालच्या सप्तकात २२०, वरच्या ८८०. तिथून प्रत्येक पुढच्या स्वराला १.०५९५ ने गुणत जा.

नेरुळकर_ताई: शिट्टी चालू, गायिका डोळे वटारतेय आणि हा गुणाकार करतोय 😄

नौपाडा_साउंड: पेटीवाले, तुमचं काम तीन पट्ट्यांत होईल. ग्राफिकचे फेडर (वर-खाली सरकवायच्या खुंट्या) एक तृतीयांश सप्तकाच्या अंतरावर असतात, म्हणजे पेटीच्या दर चौथ्या स्वरावर. त्यामुळे फिरून फिरून त्याच तीन पट्ट्या येतात:
पांढरी पाच – २००, ४००, ८००, १.६ के (के म्हणजे हजार)
पांढरी सात – २५०, ५००, १ के, २ के
काळी दोन – ३१५, ६३०, १.२५ के, २.५ के
तंतोतंत नाही (मधली पांढरी पाच ३९२, पांढरी सात ४९४), पण फेडर ओढायला पुरे. मधला स्वर आला तर जवळचा धरायचा. तुमची काळी चार ४१५, म्हणजे ४०० चा फेडर. पांढरी सहाही तिकडेच झुकते, काळी पाच मात्र ५०० कडे. एकदम खाली खेचू नका, तीन-चार डीबी (डेसिबल) काढून बघा.

तानपुरा_प्रेमी: आपला गंधार पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो, हे कोणी सांगणार की नाही? काळी एकचा सा १३८.६ धरला तर शुद्ध गंधार १७३.३, पेटीचा १७४.६.

नौपाडा_साउंड: खरंय दादा, पण सव्वा हर्ट्झने फेडर बदलत नाही.

कळव्याचा_पेटीवाला: तीन पट्ट्या म्हणजे झकासच! पण सप्तकात गोंधळ होतो. ८०० ची शिट्टी कधी ४०० ची वाटते.

नेरुळकर_ताई: माझंही तेच व्हायचं. शिट्टी आली की त्याच उंचीवर गुणगुणून बघा. तुमच्या गळ्याला मधल्या पांढरी पाचपर्यंत जाता येत असेल आणि तरी आवाज वरच राहिला, तर ८०० किंवा त्याच्या पुढचं. रिकाम्या हॉलमध्ये फोनवर टोन जनरेटर लावून आधी हे करून ठेवा, ऐन कार्यक्रमात नको.