माऊस, ट्रॅकबॉल की आणखी काही? हात दुखू नये म्हणून तुम्ही काय वापरता?

दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांपैकी कुणाचं मनगट धरलंय, कुणाचा अंगठा, कुणाचं कोपर. दुकानात माऊस मिनिटभर हातात धरून काही कळत नाही, चार-आठ दिवस काम केल्यावरच कळतं, म्हणून ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. नुसतं "हा घ्या" नको, काय दुखत होतं, काम कसलं आणि फरक काय पडला ते सांगा. सुरुवात मी करते.

माझं काम डीटीपीचं. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, हात झटकत उठायचे, करंगळी मात्र ठणठणीत. डॉक्टर म्हणाले हीच खूण, मनगटातून जाणारी मीडियन नर्व्ह दाबली जातेय, कार्पल टनेल. रात्री स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ ठेवणारा पट्टा, बांधायला दिलं आणि मी व्हर्टिकल माऊस घेतला, लॉजिटेकचा एमएक्स व्हर्टिकल, ५७ अंशात कललेला. शेकहँड करताना हात असतो तसा राहतो, पालथा पडत नाही. मनगटाऐवजी कोपरापासून हात हलतो, त्यामुळे टेबलावर जागा मोकळी लागते. क्लिक आडवं होत असल्याने सुरुवातीला कर्सर सरकायचा, बारीक अलाइनमेंटला त्रास झाला, पण सवय झाली. मुंग्या बऱ्याच कमी आहेत.

---

माझं उलट झालं ताई. मनगटासाठी अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल आणला (माऊस जागेवरच राहतो, त्यातला गोळा फिरवला की कर्सर हलतो), मनगट सुधारलं आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की डब्याचं झाकण उघडवेना. डी क्वेर्व्हेन निघालं, अंगठ्याच्या स्नायूबंधांना सूज. सगळी मेहनत एकट्या अंगठ्यावर पडत होती ना. आता केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माऊस आहे, नावात माऊस असला तरी ट्रॅकबॉलच, मधोमध ५५ मिमीचा मोठा बॉल, दोन-तीन बोटांनी फिरवायचा, भोवतीच्या रिंगने स्क्रोल, हात जागचा हलतच नाही. उजव्या-डाव्या दोन्ही हातांना चालतो. एकच काळजी, बॉल अडकायला लागला की बाहेर काढायचा, आत तीन बारीक ठिपक्यांसारखे आधार असतात त्यांवर धूळ आणि हाताचं तेल मिळून राखाडी थर बसतो, तो काडीला कापूस गुंडाळून पुसायचा. पुसला की बॉल पुन्हा सरसर फिरतो.

---

अकाउंट्सवाल्यांसाठी लिहितो. टॅलीत उजवा हात सारखा नंबरपॅडवर आणि माऊस त्याच्याही पलीकडे, म्हणजे दिवसभर हात बाहेर फाकलेला, माझा खांदा त्यानेच गेला होता. मी माऊस डावीकडे घेतला. सुरुवातीला फार हळू काम व्हायचं, मग जमलं, आता एन्ट्री उजव्याने आणि माऊस डाव्याने एकाच वेळी चालतो. पण त्याला दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माऊस लागतो, वळणदार आकाराचे बहुतेक उजव्या हाताचेच असतात. ज्यांना नंबरपॅड लागतच नाही त्यांनी नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घ्यावा, माऊस आपोआप जवळ येतो.

---

घरून काम करणाऱ्यांनो, आधी टेबल बघा हो! डायनिंग टेबल साधारण ७५ सेमी उंच, माझ्यासारख्या बुटक्या बाईचं कोपर त्याच्या खालीच राहतं, मग मनगट वर मोडून टेबलाच्या कडेवर दाबलं जातं. खुर्चीवर उशी आणि पायाखाली पाट घेतला, कोपर टेबलाच्या पातळीत आलं, माऊस तोच जुना आहे आणि ठणका थांबलाय. पॉइंटरचा स्पीडही थोडा वाढवा, पडदाभर जायला हात कमी हलवावा लागतो.

---

फोटो रिटचिंग करतो, पेन टॅब्लेट वापरतो, म्हणजे सपाट पाटीवर पेन फिरवलं की कर्सर हलतो. पेन हलकं धरलं तर बरं वाटतं, दाबून लिहायची सवय असणाऱ्यांची मात्र बोटं भरून येतात. मी दुपारपर्यंत पेन आणि नंतर माऊस असं करतो, एकाच स्नायूवर भार नको.

---

मापाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. माझा हात लहान आहे, मोठ्या व्हर्टिकल माऊसवर बटणापर्यंत बोटं ताणावी लागायची. २०२२ मध्ये आलेला लॉजिटेकचा लिफ्ट लहान-मध्यम हातांसाठी आहे, डावखुऱ्यांसाठीही वेगळा मिळतो, तो मला बरोबर बसला. आणि एक कळकळीचं सांगणं, हातातून वस्तू सुटायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसला तर नवीन माऊस शोधत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.